न्युरेंबर्गच्या चौकातला मुलगा

गेल्या वर्षी आपल्या फिल्म क्लबने ऑडिटोरियममध्ये एक जर्मन सिनेमा दाखवला होता, आठवतोय? बहुतेकांना नाही आठवणार, कारण पहिल्या पंधरा मिनिटांतच अर्धं ऑडिटोरियम मेसकडे पांगलं. (त्या रात्री फीस्ट होती, त्यामुळे कुणाला दोष देत नाही.) वेर्नर हर्झॉग या दिग्दर्शकाचा १९७४ चा सिनेमा. एक मुलगा चौकात हातात चिठ्ठी धरून पुतळ्यासारखा उभा आहे आणि त्याला हलताही येत नाही, हा सीन बघून मी मात्र खुर्चीला चिकटलो. रूमवर आल्यावर पार्टनरने विचारलं, "पुढे काय झालं रे त्याचं? कोण निघाला तो?" मी म्हटलं, माहीत नाही. सिनेमात सांगत नाहीत.

तेव्हापासून सबमिशन बाजूला ठेवून मी या माणसामागे लागलो. जे सापडलं ते लिहितो आहे. आमच्या विंगमध्ये यावरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं झाली आहेत. तुमच्याकडेही होऊ देत.

तर, २६ मे १८२८. बव्हेरियातलं न्युरेंबर्ग शहर. ख्रिस्ती सणाचा सोमवार, त्यामुळे रस्त्यावर शुकशुकाट. दुपारी वाइकमान नावाच्या एका चांभाराला चौकात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा दिसला. खेडवळ कपडे, लडखडती चाल. हातात घोडदळाच्या एका कॅप्टनच्या नावाचं पत्र. काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं : बापासारखं घोडेस्वार व्हायचंय. नाहीतर नुसतं "घोडा, घोडा". नाहीतर "माहीत नाही". कॅप्टनच्या घरी मांस आणि बीअर पुढे केली तर त्याने थुंकून टाकली, ब्रेड आणि पाणी मात्र अधाशासारखं संपवलं. शेवटी पोलीस चौकीत कुणीतरी कागद-पेन्सिल हातात दिली, तेव्हा त्याने ठळक अक्षरांत लिहिलं : कास्पर हाउझर.

आता ते पत्र. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही, गावही नाही, नुसतं "बव्हेरियाच्या सीमेवरून". मजकूर साधारण असा की, मी गरीब मजूर आहे, मला स्वतःचीच दहा पोरं आहेत, हा मुलगा ७ ऑक्टोबर १८१२ ला माझ्याकडे सोडला गेला, मी त्याला लिहा-वाचायला शिकवलं पण घराबाहेर एक पाऊल टाकू दिलं नाही. तुम्हाला ठेवायचा नसेल तर मारून टाका नाहीतर फासावर टांगा. सोबत दुसरी चिठ्ठी, ती म्हणे आईची, सोळा वर्षांपूर्वीची. त्यात जन्मतारीख ३० एप्रिल १८१२, नाव कास्पर, बाप घोडदळातला आणि वारलेला. गंमत अशी की दोन्ही कागद एकाच हाताने लिहिलेले असावेत असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. म्हणजे पहिल्याच दिवशी केसमध्ये बनावट कागदपत्र!

त्याला किल्ल्याच्या बुरुजात ठेवलं. शहरभर बातमी पसरली आणि लोक त्याला बघायला रांगा लावू लागले. मुलगा मेणबत्तीची ज्योत हाताने पकडायला जायचा, आरशातल्या मुलाला हात लावायला बघायचा, खेळण्यातल्या लाकडी घोड्यांना ब्रेड भरवायचा. मला सगळ्यात विलक्षण वाटलेली नोंद खिडकीची आहे. त्याला बुरुजाच्या खिडकीतून बाहेरचा हिरवागार देखावा दाखवला तर त्याने तोंड फिरवलं. पुढे नीट बोलायला लागल्यावर त्याने सांगितलं की तेव्हा मला बाहेर काही दिसतच नव्हतं. डोळ्यांसमोर एक फळी आहे आणि तिच्यावर कुणीतरी पांढरे, निळे, हिरवे, पिवळे रंग फेकलेत असं वाटायचं. अंतर म्हणजे काय हे डोळ्याला शिकावं लागतं, ही गोष्ट आपण इमेज प्रोसेसिंगच्या लेक्चरला ऐकतो आणि विसरतो. इथे एका मुलाने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली.

हळूहळू त्याची कहाणी बाहेर आली. आठवतं तेव्हापासून मी एका अंधाऱ्या कोठडीत होतो, साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, उभंही राहता येणार नाही इतकी बुटकी. गवताचं अंथरूण, खेळायला दोन लाकडी घोडे आणि एक लाकडी कुत्रा. झोपेतून उठलं की शेजारी ब्रेड आणि पाणी. कधीकधी पाणी कडू लागायचं, मग गाढ झोप लागायची, आणि उठल्यावर गवत बदललेलं, नखं-केस कापलेले. माणूस पाहिला तो शेवटी शेवटी, एकच. त्याने नाव लिहायला शिकवलं, ते घोडेस्वाराचं वाक्य पाठ करून घेतलं, पाठीवर घेऊन शहराच्या वेशीपर्यंत आणून सोडलं.

इथे आमच्या विंगमध्ये पहिली फूट पडली. अर्धे म्हणाले, बिचारा! अर्धे म्हणाले, फेकतोय.

फेकतोय म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. सोळा वर्षं उभंही न राहिलेला मुलगा पहिल्याच दिवशी बुरुजाच्या नव्वदच्या वर पायऱ्या चढून गेला. चेहऱ्यावर तजेला होता. आणि भाषा! महिन्या-दोन महिन्यांत तो बोलायला लागला, पुढच्या वर्षी स्वतःचं चरित्र लिहायला बसला. आता याच्याशी तुलना करा. १८०० साली फ्रान्समध्ये आव्हेरॉनच्या जंगलातून बाहेर आलेला व्हिक्टर हा मुलगा; इटार्द नावाच्या डॉक्टरने त्याच्यावर पाच वर्षं जीव तोडून मेहनत घेतली, तरी तो चार शब्दांपलीकडे गेला नाही. किंवा १९७० साली कॅलिफोर्नियात खोलीत डांबलेली तेरा वर्षांची मुलगी सापडली, तिला शब्द शिकवता आले पण वाक्याची रचना शेवटपर्यंत जमली नाही. लहानपणी भाषा कानावर पडलीच नाही तर ते दार बंद होतं. कास्परचं दार उघडं होतं. म्हणजे कधी ना कधी, कुणीतरी, त्याच्याशी बोलत होतं. विसाव्या शतकातले मानसोपचारतज्ज्ञ कार्ल लिओनहार्ट यांनी तर स्पष्टच लिहिलं की त्याने सांगितलं तसं बालपण खरोखर गेलं असतं तर तो मतिमंद राहिला असता, फार जगलाही नसता.

मग तो खोटारडा होता का? मला वाटतं, प्रश्न इतका सरळ नाही. ही कहाणी लोकांसमोर आली कशी ते बघा. न्युरेंबर्गचे महापौर बिंडर त्याला रोज भेटत, तासन् तास प्रश्न विचारत, आणि जुलै १८२८ मध्ये त्यांनी ती स्वतःच्या भाषेत जाहीरनामा म्हणून छापली. मुलाकडे तेव्हा धड पन्नास-शंभर शब्द असतील. व्हायवाला एक्स्टर्नल दयाळू असला की काय होतं माहितीये ना? "म्हणजे तुला असं म्हणायचंय का की प्रेशर वाढलं?" "हो सर." "आणि म्हणून टेंपरेचरही?" "हो सर." बाहेर आल्यावर आपल्यालाच वाटतं की आपण सगळं सांगितलं. बिंडर आणि कास्परचं हेच झालं असावं. आणि एकदा छापून आल्यावर त्या मुलाला दुसरी कहाणी सांगायची सोयच उरली नाही.

त्यातून मुलाला डाउमर नावाच्या शिक्षकाच्या घरी ठेवलं. डाउमर मनाने चांगले, त्यांनी त्याला चित्रकला शिकवली, वाचन शिकवलं. पण त्यांना होमिओपथीचा आणि चुंबकाचा नाद. चुंबकाचं उत्तर टोक समोर धरलं की कास्परला काहीतरी बाहेर ओढल्यासारखं वाटायचं, दक्षिण टोक धरलं की अंगावर वारा आल्यासारखं. डाउमरनी हे सगळं निष्ठेने लिहून ठेवलं. आपल्या फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्येही कुणी विचारेल की कोणतं टोक पुढे आहे हे प्रयोग करणाऱ्याला माहीत होतं का? माहीत होतं. त्याच्या चेहऱ्याकडे तो मुलगा बघत होता का? बघणारच, त्याला जगात दुसरं होतं कोण! या रीडिंग्जवर सही कोण देईल?

१७ ऑक्टोबर १८२९ ला डाउमरांच्या घराच्या तळघरात कास्पर कपाळावर जखम घेऊन पडलेला सापडला. तोंड झाकलेल्या माणसाने वार केला म्हणाला. शहर हादरलं, त्याला पोलीस पहारा मिळाला, घर बदललं. एप्रिल १८३० मध्ये नव्या घरी त्याच्या खोलीत पिस्तूल उडालं. खुर्चीवर चढून पुस्तकं काढताना पडलो आणि आधाराला भिंतीवरचं पिस्तूल हाताला लागलं, असं त्याने सांगितलं. दोन्ही प्रसंगांच्या थोडं आधी ज्यांच्या घरी तो राहत होता त्यांच्याशी खोटं बोलण्यावरून खटके उडाले होते, हे संशय घेणारे आवर्जून सांगतात. ते खरंच आहे.

या सगळ्या गर्दीत एक माणूस मला मोठा वाटतो. अन्सेल्म फॉन फॉयरबाख, आन्सबाखच्या अपील कोर्टाचे अध्यक्ष. बव्हेरियात आरोपीला छळून कबुली घेण्याची पद्धत १८०६ मध्ये बंद झाली त्यामागे हे होते, १८१३ ची तिथली दंडसंहिता यांच्याच हातची. (तत्त्वज्ञ लुडविग फॉयरबाख हा यांचा मुलगा.) त्यांनी १८३२ मध्ये कास्परवर पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा रहस्याचा नाहीच. ते विचारतात की समजा एखाद्याने मुलाला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, फक्त त्याच्यापासून माणसं, भाषा, उजेड आणि बालपण काढून घेतलं, तर कायद्याच्या पुस्तकात या गुन्ह्याला नाव काय? ज्याने कायद्याचं पुस्तक स्वतः लिहिलंय त्यालाच त्यात जागा सापडत नव्हती. म्हणून त्यांनी नवीन नाव दिलं : माणसाच्या आत्म्याविरुद्धचा गुन्हा. कास्परची कहाणी निम्मी खोटी निघाली तरी हा प्रश्न खोटा ठरत नाही.

पण याच फॉयरबाखनी राजपुत्राच्या अफवेलाही वजन मिळवून दिलं. ती अफवा अशी. शेजारच्या बाडेन संस्थानाचा ग्रँड ड्यूक कार्ल आणि त्याची बायको स्टेफनी, जी नेपोलियनची दत्तक मुलगी, यांना २९ सप्टेंबर १८१२ ला मुलगा झाला आणि १६ ऑक्टोबरला तो वारला. दुसरा मुलगा १८१६ मध्ये झाला, तोही १८१७ मध्ये गेला. १८१८ मध्ये कार्ल स्वतः गेला. गादी काकाकडे गेली आणि १८३० मध्ये घराण्याच्या दुय्यम मानल्या गेलेल्या शाखेकडे, होखबर्गच्या काउंटेसच्या मुलाकडे. मग लोकांनी हिशेब जुळवला. काउंटेसने पाळण्यातलं मूल बदललं, मरणारं दुसरंच बाळ ठेवलं आणि खरा वारस कोठडीत टाकला. पत्रातली ७ ऑक्टोबर १८१२ ही तारीख तर नेमकी त्याच दिवसांतली! फॉयरबाखनी ही शक्यता गुप्त टिपण म्हणून बव्हेरियाच्या राजमातेला कळवली. त्या बाडेनच्याच माहेरवाशीण, कार्लची सख्खी बहीण.

ऐकायला छान आहे ना? आपल्याला तर लगेच पटतं. टोपलीतून वाहत आलेलं मूल म्हटलं की ते राजघराण्यातलंच असणार, हे आपण कर्णाच्या गोष्टीपासून शिकलोय. फक्त एक फरक लक्षात घ्या. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने स्वतः सांगितलं की मी भाऊ आहे. कास्परने मी राजपुत्र आहे असा दावा मांडला नाही. तो लोकांनी मांडला, त्याच्या वतीने, त्याला न विचारता.

शिवाय गोष्टीला भोकं आहेत. कोठडीचं पहिलं लक्षण म्हणून ज्या देवीच्या लशीच्या खुणा दाखवतात (बड्या घरचं मूल असल्याशिवाय लस कशी, वगैरे), त्या लशीची सक्ती बव्हेरियात १८०७ पासून सगळ्यांनाच होती. बाडेनच्या बाळाच्या मृत्यूच्या वेळी आजी तिथे होती, डॉक्टर होते, आणि आजीच्या पत्रांत त्या दिवसांचं वर्णन आहे. आजारी आईला तेवढं बाळ शेवटचं पाहता आलं नाही, आणि सगळी अफवा त्या एका फटीतून आत शिरली.

शेवटची दोन वर्षं कास्परची आन्सबाखला गेली. लॉर्ड स्टॅनहोप नावाच्या इंग्रज उमरावाने आधी त्याच्यावर पैशांची आणि मायेची उधळण केली, हंगेरियन शब्द ओळखतो म्हणून तिकडे चौकशाही केल्या, काही सापडलं नाही आणि मग साहेबांचा उत्साह ओसरला. मुलाला मायर नावाच्या कडक शिक्षकाच्या घरी ठेवून ते निघून गेले. फॉयरबाखनी त्याला नकलनविसाची छोटी नोकरी मिळवून दिली, पण मे १८३३ मध्ये ते वारले. मायरांचं आणि त्याचं जमत नव्हतं. ९ डिसेंबरला दोघांत मोठं भांडण झालं.

१४ डिसेंबर १८३३ ला कास्पर छातीत डावीकडे खोल जखम घेऊन धडपडत घरी आला. बागेत एका अनोळखी माणसाने थैली दिली आणि भोसकलं म्हणाला. पोलिसाला बागेत जांभळी थैली सापडली. आत पेन्सिलीने, आरशात धरून वाचावी लागेल अशा उलट्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी. त्यात पुन्हा तीच बव्हेरियाची सीमा, एक नदी, आणि खाली नुसती आद्याक्षरं. चिठ्ठीची त्रिकोणी घडी कास्पर घालायचा तशीच होती, आणि चुकाही त्याच्या नेहमीच्या. डॉक्टरांत एकमत झालं नाही. तीन दिवसांनी, १७ तारखेला, तो गेला. बव्हेरियाच्या राजाने मारेकऱ्यासाठी दहा हजार गुल्डनचं बक्षीस लावलं, ते कुणालाच मिळालं नाही. दोन वर्षांनी स्टॅनहोप यांनी त्याला लबाड ठरवणारं पुस्तक छापलं. एकेकाळी याच मुलाला दत्तक घ्यायला निघालेले साहेब! मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग त्यांचा येतो.

माझं मत विचाराल तर जखम त्याने स्वतःच करून घेतली असावी. घाबरवण्याइतकी करायची होती, जाड कोटातून जोर लावताना खोल गेली. स्टॅनहोप नाताळला येणार होते. त्या मुलाकडे भांडवल एकच होतं, त्याचं रहस्य. आणि ते शिळं होत चाललं होतं. (पार्टनरला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या मते खून झालाय. लेख माझा आहे म्हणून माझं मत छापतोय.)

आता आपल्या कामाचा भाग. राजपुत्र होता की नाही हे आज तपासता येतं. पेशीतल्या केंद्रकातला डीएनए आई-बापाकडून निम्मा-निम्मा येतो आणि दर पिढीला पत्ते पिसावेत तसा पिसला जातो. पण पेशीतच मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा साडेसोळा हजार अक्षरांचा छोटा गोलाकार डीएनए असतो, आणि तो येतो फक्त आईकडून, जवळजवळ जसाच्या तसा. शिवाय एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती, त्यामुळे दोनशे वर्षं जुन्या केसातही थोडाफार तग धरतो. म्हणजे कास्पर स्टेफनीचा मुलगा असेल तर त्याचा हा डीएनए स्टेफनीच्या मुलींच्या मुलींच्या वंशाशी जुळला पाहिजे. लक्षात घ्या, ही चाचणी एकाच बाजूने पक्की आहे. जुळला तर "असू शकेल" एवढंच. नाही जुळला तर विषय संपला.

१९९६ मध्ये संग्रहालयातल्या रक्ताळलेल्या चड्डीवरून चाचणी झाली. नाही जुळला. पण कपडा खरंच त्याचा का, अशी शंका निघाली. २००२ मध्ये म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेने केस आणि वस्तूंवरचे सहा नमुने घेतले; ते आपसांत जुळले, चड्डीच्या रक्ताशी नाही, आणि स्टेफनीच्या वंशाशी जवळचे निघाले पण तंतोतंत नाहीत. झालं! राजपुत्रवाले पुन्हा उठून बसले. एकाच माणसाची दोन उत्तरं आली म्हणजे निदान एक नमुना भलत्याचा किंवा भेसळीचा. दीडशे-पावणेदोनशे वर्षं ज्या वस्तूंना लोक हात लावतायत त्यांच्यावर भेसळ न होणंच नवल. शेवटी इन्सब्रुकचे वाल्थर पार्सन आणि सहकाऱ्यांनी एकेका केसावर नव्या पद्धतीने काम केलं. जुना डीएनए तुटून बारीक तुकडे झालेला असतो, ही पद्धत त्या बारीक तुकड्यांवरच चालते. निकाल २०२४ मध्ये छापून आला. केसांचा डीएनए १९९६ च्या रक्ताशी जुळला. गट निघाला डब्ल्यू. स्टेफनीच्या वंशाचा गट एच. कास्पर बाडेनचा राजपुत्र नव्हता.

गट डब्ल्यू म्हणजे कुठला, हे विचारू नका. तो युरोप आणि पश्चिम आशियात विखुरलेला आहे, त्यावरून गाव सांगता येत नाही. आई कोण, हे अजूनही कोरंच आहे. आन्सबाखच्या थडग्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की जन्म अज्ञात, मृत्यू गूढ, ते अजून बदलावं लागलेलं नाही.

पार्टनरला हे सगळं सांगितलं. तो थोडा हिरमुसला. राजवाडा गेला ना! मग त्याने ते पहिलं पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. गरीब मजूर, स्वतःची दहा पोरं, वर हे अकरावं कुणाचंतरी, लिहा-वाचायला शिकवलं, बाहेर जाऊ दिलं नाही. दोनशे वर्षं सगळ्यांनी हे बनावट म्हणून बाजूला ठेवलं. "यार," तो म्हणाला, "तारखा खोट्या असतील, आईची चिठ्ठी खोटी असेल. पण ती दहा पोरं खरी असली तर?" मला अजून त्याला उत्तर देता आलेलं नाही.